मूकांबक्काचा अडकित्ता

शिरसीकडच्या आमच्या वाडीत मूकांबक्काच्या अडकित्त्याला मान आहे. सुपारीचे दोन भाग ती असे समान करते की मोठा कुठला ते देवालाही सांगता यायचं नाही. सुपारीच कशाला, अक्का साबणही अर्धा करते, भांडणही. अर्धं सकाळी, उरलेलं जेवताना.

नवऱ्याच्या, म्हणजे तिम्मप्पा हेगड्यांच्या हृदयाच्या गोळीलाही तोच न्याय. जुन्या गोळीवर मधोमध रेघ होती; ती अर्धी करायला डॉक्टरांनीच सांगितलेलं. पावसाळा सरला आणि गोळी बदलली. ही मोठी, गुळगुळीत, बिनरेघेची. हेगड्यांच्या घशाखाली उतरेना. मग अक्काने तिची सुपारीसारखी बारीक कातर करून सकाळच्या विड्यात घातली. हेगडे मजेत चघळू लागले.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला मी गेलो, तर हेगडे ओट्यावर फाटकाकडे टक लावून. ओठ निळसर.

"मंजा, शेषगिरी आलाय."

शेषगिरी त्यांचा धाकटा भाऊ. सात वर्षांपूर्वी वारलेला.

"काय म्हणतोय?" मी हसत विचारलं.

"बोलत नाही. उभाय नुसता."

पाचव्या दिवशी तो अंगणात आला. अंगणभर सुपारी वाळत होती. मांजर गेलं तरी खडखडते. "एक सुपारी हलली नाही रे पायाखाली," हेगडे पुटपुटले. सहाव्या दिवशी तो पायरीवर. दुपार कलली की हेगड्यांचे हात उबदार व्हायचे, पाहुणा निघून जायचा, आणि उद्या आणखी एक पाऊल जवळ.

"ओट्यावर आला तर गं?" मी अक्काला विचारलं.

"विडा द्यायचा. घरचाच आहे." मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाली, "रिकाम्या हातानं जायचा नाही मेला. यांना नेईल."

सातव्या दिवशी औषधाच्या दुकानाचा विनायक भट सुपारी न्यायला आला. तबकाशी थबकला.

"अक्का, हे पांढरं काय?"

"यांची गोळी. कातर बघ कशी झालीय!"

"अगं बाई! हे दिवसभर थोडंथोडं सुटायचं औषध. चावलं की सगळं एकदम अंगात जातं, नाडी बसते! कुठली तोडायची आणि कुठली नाही, ते विचारायचं तरी!"

तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. हेगडे शेजारची जागा थोपटत होते. "ये शेषू, बस."

आम्ही त्यांना उचलून जीपमध्ये घातलं. दवाखान्यात नाडी निघाली अडतीस.

हेगडे वाचले. आता डॉक्टरांनी दिलेली छोटी गोळी अख्खी गिळतात, आणि त्यांना कुणीही दिसत नाही.

परवा गेलो तर अक्का सुपारी कातरत होती. दोन नव्हे, तीन भाग. तिसरा उचलून तिने फाटकाच्या खांबावर ठेवला.

"हे कुणाला?"

"त्याला. फाटकापर्यंत येतो अजून. गोळी अख्खी आहे तोवर आत यायचा नाही."

"पण अक्का, तू तर ती गोळी खात नाहीस. मग तुला कसा दिसतो?"

अक्काने अडकित्ता मिटला. "विडा घे," म्हणाली.