पिशवी बघायला वडूजला

पाटणहून सकाळच्या एसटीने आम्ही दोघी निघालो, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. लोक प्रवासात खिडकीची जागा धरतात, मी दाराजवळची धरते. गेली सहा वर्षं माझ्या मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आहेत. कळ आली की मिनिटभरात संडास गाठायचा, आणि तिथे रक्त बघून घाबरायचं. पाटणपासून सांगलीपर्यंत कुठला संडास उघडा असतो आणि कुठल्याला कडी नाही, हे मला तोंडपाठ आहे. शाळेत मी भूगोलच शिकवते.

सांगलीच्या डॉक्टरांनी आता स्पष्ट सांगितलं होतं. औषधं चालेनाशी झालीत, मोठं आतडं काढावं लागेल. मग लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर आणायचं आणि त्यावर कायमची पिशवी लावायची. "पंधरा दिवसांत ठरवा," म्हणाले. माझं धाबं दणाणलं, आणि आत्या तर उखडल्याच. "चाळिशी न्हाई झाली पोरीची, आन् जलमभर पोटावर पिशवी?" यजमान लष्करात, लांब. त्यांनी फोनवर "तू म्हणशील तसं" म्हणून अंग काढून घेतलं. शेवटी दवाखान्यातल्या सिस्टरनी वडूजच्या हौसाबाईंना विचारून त्यांचा पत्ता दिला. त्यांचं हेच ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालेलं. "सांगण्यापेक्षा जाऊन बघा," म्हणाल्या.

कराडला गाडी बदलली. वाटेत औंधला यमाईचं दर्शन घ्यायचं हा आत्यांचा हट्ट. डोंगराच्या थोड्याच पायऱ्या चढले असेन आणि कळ आली. फुलं विकणाऱ्या एका बाईंनी माझा चेहरा बघितला, दुकान तसंच टाकलं आणि मला घरी नेलं. "लाजतीस काय गं? माज्या लेकीवानी तू." त्यांच्या मोरीत तोंड धुताना मला रडू आलं. आत्या एकट्याच वर जाऊन आल्या आणि त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

औंध मागे पडलं. कराडकडचा ऊस कधीच संपला होता. आता दोन्ही बाजूंना तांबूस माळ, मधेच ज्वारीचा तुकडा आणि डोळ्यांत धूळ घालणारा वारा. हौसाबाईंचं घर वडूजच्या बाहेर, मेंढरं राखणाऱ्यांच्या वस्तीवर. आता त्यांच्याकडे शेळ्या आणि थोडी शेती आहे.

आजाऱ्याला भेटायला जाताना आमच्याकडे बिस्किटांचा पुडा आणि सफरचंदं न्यायची रीत आहे. अंगणात बाजेवर कुणीतरी डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलेलं. आत्या थेट तिकडे गेल्या, पुडा उशाशी ठेवला आणि कळवळून म्हणाल्या, "आवं, पोट कसं हाय आता?"

पांघरुणातून एक म्हातारे गृहस्थ दचकून उठले. "वांगं जरा जास्त झालं व्हतं काल. पर तुमास्नी कुणी सांगितलं?"

एवढ्यात मागून खणखणीत हसू ऐकू आलं. पाच शेळ्या हाकत एक उंच बाई माळावरून येत होत्या. "त्यो माजा मालक. पेशंट मी हाय! सफरचंद हिकडं आणा."

आत्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला इतकं हसू आलं की पोट दुखलं, पण हे दुखणं चांगलं होतं.

हौसाबाईंनी आधी हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पेज) प्यायला दिलं. माझ्या वाटीत त्यांनी तिखट घातलं नव्हतं. मग आम्हा दोघींना आतल्या खोलीत नेऊन त्यांनी पदर बाजूला केला. बेंबीच्या उजवीकडे पिशवी, आणि आत आतड्याचं लाल, ओलसर टोक. मी ओठांच्या आतल्या बाजूसारखं काहीतरी बघत होते. भीती वाटली नाही, याचंच नवल वाटलं.

"मावशी, त्रास होतो?"

"व्हतो की. खोटं कशाला सांगू? उन्हाळ्यात घामानं सुटती, कातडं चुरचुरतं. एकदा भाचीच्या लग्नात गळली. लय रडले. मग दुसरी लावली आन् जेवायला बसले." त्यांनी पदर सारखा केला. "आता तू सांग. संडास कुटं हाय ते न इचारता तू शेवटची कवा कुटं गेलतीस?"

मी आठवू लागले. लेकीचं गॅदरिंग मी दाराबाहेरून बघितलं होतं. भावाच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा मी मांडवात नव्हते.  हौसाबाईंनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. निघताना त्या माळाच्या टोकापर्यंत पोचवायला आल्या, बोलत, शेळ्यांना ओरडत.

परतीची गाडी मिळाली. कराड जवळ आलं तेव्हा मीच म्हटलं, "आत्या, मी ऑपरेशन करून घेते."

त्यांनी माझ्या निऱ्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "निऱ्या डाव्या अंगाला घ्याय लागतील तुला, आन् कंबर जरा सैल. हौसाचं लुगडं मी नीट बघून घेतलंय. शिकवीन."

सहा वर्षांत धीर देणारी माणसं मला पुष्कळ भेटली. पण ऑपरेशन होऊन गेलंय, सकाळ झालीय आणि मी साडी नेसून शाळेला निघालेय, एवढं पुढचं आधी माझ्या सासूला दिसलं. आणि तिच्यामुळे मला.