दुःखाच्या घरची बारी

चूक झाली तेव्हा संध्याकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण कोडमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाबरोबर त्याची वेळ आपोआप नोंदली जाते. बदल कोणी केला त्याचं नावही नोंदलं जातं. नाव माझं आहे.

आमचं गाव सानगडीपासून सहा किलोमीटरवर. गावाला एक तलाव आहे आणि त्याच्या पाण्यावर एकोणीस घरांचं धान. दसऱ्यानंतर पाऊस थांबतो, भारी, म्हणजे उशिरा पिकणारं धान तेव्हा निसवत असतं, लोंब्या धरत असतं, आणि त्याला एक शेवटचं पाणी लागतं. ते तलावातून मिळतं. पाळीखाली, म्हणजे तलावाच्या बांधाखाली, दगडी दार आहे, त्याला इकडे तुडूम म्हणतात. ते उघडायचं, नहरेने आलेलं पाणी आपल्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांत, घ्यायचं, दुसऱ्या दिवशी पुढच्या घराने घ्यायचं. एका घराला एक दिवस. या दिवसाला बारी म्हणतात. क्रम दरवर्षी देवळात चिठ्ठ्या टाकून ठरतो.

हे पाणी माझ्या वडिलांनी बावीस वर्षं वाटलं. पगार नव्हता. धान कापलं की प्रत्येक घरातून एक सूपभर नवं धान आमच्याकडे यायचं, एवढाच मान. तीन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले आणि पाळीवर चढणं बंद झालं. मी भंडाऱ्याला एका दैनिकात सात वर्षं उपसंपादक होतो, नंतर प्रोग्रॅमिंग शिकलो. आता पुण्याच्या एका कंपनीचं काम घरच्या माडीवर बसून करतो. पाणी समितीने विचारलं, बाऱ्यांचं मोबाईलवर काही करता येईल का. मी हो म्हणालो.

ते ॲप मी एका आठवड्यात हाताने लिहिलं. वडील बाजेवर बसून नियम सांगायचे, मी लिहून घ्यायचो. चिठ्ठ्यांचा क्रम, आदल्या संध्याकाळी निरोप, सकाळी नऊपर्यंत घरचं कोणी तुडुमावर आलं नाही तर त्या दिवसाचं पाणीही पुढच्या घराला. वडिलांनी आयुष्यभर एकच गोष्ट सहन केली नाही: उघडं पाणी वाया जाणं. शेवटचा नियम त्यांनी उठता उठता सांगितला.

"आन एक ऱ्हायलं. दुःखाच्या घरची बारी मरत नाई."

म्हणजे घरात मृत्यू झाला तर दहा दिवस त्या घरचं कोणी तुडुमाला हात लावत नाही. तेवढ्या दिवसांत बारी आली तर ती राखून ठेवायची. दहावा झाला की दुसऱ्या दिवशीचं पाणी त्यांचं, बाकीचे सगळे एकेक दिवस मागे. मी ते लिहिलं. गावाच्या ग्रुपवर निधनाचा निरोप पडला की ॲपने तो टिपून बारी राखायची. कोडच्या त्या तुकड्याला नाव दिलं 'दुःख'. शेजारी खुलासा लिहिला नाही. गावात कोणाला खुलासा लागत नाही.

पहिली दोन वर्षं बाऱ्यांच्या दिवसांत गावात मृत्यू झाला नाही. तो तुकडा एकदाही चालला नाही.

कंपनीत दरम्यान एआय आलं होतं. काम सांगायचं, ते कोड लिहून देतं, आपण वाचायचं आणि स्वीकारायचं. सुरुवातीला मी प्रत्येक ओळ वाचत असे. मग बदललेल्या ओळी वाचू लागलो. मग शेवटी लिहिलेला सारांश. दिवसातून किती वेळा स्वीकारलं, ते मोजलेलं नाही. वृत्तपत्रात असताना आमच्या डेस्कवर एक नियम होता: ज्याने बातमी केली त्याने पान छपाईला सोडायचं नाही. दुसऱ्या कोणीतरी वाचायचंच. निधनवार्ता तर दोघांनी. माडीवर दुसरं कोणी नव्हतं.

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात मी बाऱ्यांचं ॲप दुरुस्तीला काढलं. काही फोनांवर ते अडखळत होतं. एआयला सांगितलं, कोड नीट कर, स्वच्छ कर. रोज संध्याकाळी आठला आम्ही चौघे ऑनलाइन गेम खेळतो. दोघे कंपनीतले, एक लाखनीचा, माझा कॉलेजचा मित्र, तोही याच धंद्यातला. कानाला हेडफोन होता.

"अबे येऊन राहिला का नाई?" तो म्हणाला. "लॉबीत बसून बसून मिशा पांढऱ्या झाल्या माह्या."

"दोन मिनिटं."

"तुहे दोन मिनिटं म्हंजे सानगडीची एस्टी."

पडद्यावर सारांश आला होता. वेग वाढवला आहे. निरोपांची रचना सुधारली आहे. वापरात नसलेला भाग काढला आहे. एकूण वर्तनात बदल नाही. चौथं वाक्य मी वाचलं, हे मला आठवतं. तिसरंही वाचलं असणार. स्वीकारलं आणि गेममध्ये शिरलो. त्या दिवशी आम्ही जिंकलो.

बाऱ्या दसऱ्यानंतर सुरू झाल्या. आठवी बारी चालू होती तेव्हा आमच्या गल्लीतले काका वारले. छातीत दुखतंय म्हणाले, साकोलीला नेताना वाटेतच गेले. मागे काकू एकट्या. दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. काकांच्या पाच बांध्या नहरेच्या शेवटाला आहेत. ते धान विकलं जात नाही, ते वर्षभर खायचं असतं.

गावाच्या ग्रुपवर निधनाचा निरोप मीच टाकला. अंत्ययात्रेची वेळ, मागे कोण कोण, सगळं नीट. सात वर्षांची सवय. तिरडीला खांदाही दिला. बारीचा विचार मनात आला नाही, कारण तो विचार मी ॲपवर सोपवला होता. चौकशीत पुढे कळलं की सगळ्यांचं तेच झालं होतं. समितीच्या लोकांना वाटलं, मोबाईलला माहीत असेल. वडिलांनाही तसंच वाटलं.

काकूंची बारी मृत्यूनंतर चौथ्या दिवशी आली. ॲपने आदल्या संध्याकाळी निरोप पाठवला. तो काकांच्या फोनवर गेला. फोन देवळीत पडून होता, बंद. सकाळी नऊपर्यंत तुडुमावर कोणी आलं नाही. ॲपने त्या दिवसाचं पाणी पुढच्या घराला जादा दिलं आणि काकूंच्या नावापुढे लिहिलं, बारी संपली.

अकराव्या दिवशी सकाळी काकू आमच्या ओसरीवर आल्या. वडील बाजेवर होते, मी चहा घेत होतो.

"भाऊजी, आज आमचं पाणी ना? मी कोणाले पाठवू तुडुमावर? जावई थांबला हाये आजच्या दिवस."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन उघडला. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग काकूंना म्हणालो, थोडं थांबा, आणि माडीवर गेलो. कारण सापडायला चार मिनिटं लागली. काढलेला तुकडा जुन्या नोंदीत जसाच्या तसा होता, लाल रंगात. तो परत घालायला त्याहून कमी वेळ लागला. खाली आलो तेव्हा कोड बरोबर झालं होतं आणि बाकी काही बदललं नव्हतं.

"तू लिवलं होतं ना ते?" वडिलांनी विचारलं.

"लिहिलं होतं. निघून गेलं."

"आपोआप?"

"नाही. मी हो म्हणालो."

काकूंना यातलं किती कळलं, सांगता येत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग कवा भेटन?"

याचं उत्तर तलावात होतं. पाणी उतरून तुडुमाच्या पायरीला टेकलं होतं. समितीने आधीच ठरवलं होतं, एकोणीस बाऱ्या झाल्या की दार बंद. खालचं पाणी जनावरांचं आणि मासळीचं. दोन बाऱ्या उरल्या होत्या. एक त्या दिवशीची, चालू. एक दुसऱ्या दिवशीची.

मी पाळीवर गेलो. ज्याची बारी चालू होती तो माझ्याहून थोडा मोठा, शाळेत दोन वर्षं पुढे. फावड्याने नहरेचं तोंड बांधत होता.

"दादा, काकूची बारी चुकली. आजचं अर्धं पाणी देशील का?"

"चुकली म्हंजे? मोबाईलमंदी तं संपली दाखवते."

"मोबाईलची चूक झाली."

तो सरळ उभा राहिला. "हे पाय, मीटिंगमंदी तूच बोल्ला होता. मोबाईल पार्शलिटी करत नाई, कोणाच्या घरी चहा पेत नाई. बोल्ला होता का नाई?"

"बोललो होतो."

"मंग आता तू कायले पार्शलिटी करून राहिला? माह्या धानाले दूध भरून राहिलं बाप्पा. आज नाई तं कवा?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी त्याच्या जागी वेगळं बोललो असतो, असंही नाही.

दुसऱ्या दिवशीची बारी एका म्हाताऱ्या मामांची होती. वडिलांशी त्यांचं जुनं भांडण. बावीस वर्षांत त्यांनी वडिलांवर तीनदा पक्षपाताचा आरोप केला होता. मी सगळं सांगितलं. ते बिडी ओढत ऐकत होते.

"तुहा बाप आला असता न्, तं त्याले मी चार शिव्या देल्ल्या असत्या. मायबहिणीवरून. आन पाणी सोडलं असतं," मामा म्हणाले. "आता शिव्या कोणाले देऊ? मोबाईलले?"

"मला द्या."

"तुले देऊन काय फायदा? तू काय पाणी वाटते?" त्यांनी बिडी फेकली. "दुपारपर्यंत घ्या. बाराले मी तोंड बांधीन."

तुडुमापासून काकूंच्या बांध्यांपर्यंत पाणी पोचायला तीन तास लागतात. मधली कोरडी नहर आधी पिते. जावई आणखी एक दिवस थांबला; त्याने आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दार उघडलं. पाणी पातळ होतं, नहरेच्या तळाला जेमतेम चालत होतं. सव्वानऊला पहिल्या बांधीत शिरलं. काकू धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या होत्या. पहिली बांधी भरली, दुसरीचा पाऊण भाग भिजला. बाराला मामांनी सांगितल्याप्रमाणे तोंड बांधलं. तिसऱ्या बांधीच्या धुऱ्यावर मातीत भेगा होत्या. काकूंनी वाकून त्यात बोट घातलं, काढलं, पदराला पुसलं.

"झालं तेवढं झालं," त्या म्हणाल्या. जावयाला म्हणाल्या, "चाल, तुले गाडी हाये ना."

त्या संध्याकाळी लाखनीच्या मित्राला सांगितलं. गेम सुरू व्हायचा होता.

"अबे, मंग रोलबॅक मार ना."

"मारला. कोड पहिल्यासारखं झालं."

"मंग झालं ना."

"पाणी कसं रोलबॅक करू?"

तो म्हणाला, "ते एआयनं काढलं बे. तू कायले आपल्या बोडख्यावर घेऊन राहिला?"

बाकीचे दोघे आले आणि खेळ सुरू झाला. मी पहिल्याच फेरीत मेलो आणि बाकीच्यांचं पाहत बसलो.

एआयलाही मी विचारलं होतं, तो भाग का काढला. उत्तर लगेच आलं. तुमचं म्हणणं बरोबर आहे, तो भाग महत्त्वाचा होता, गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. पुढे असं होऊ नये म्हणून चाचण्या लिहून देऊ का? मी हो म्हणालो. त्याने चाचण्या लिहिल्या. त्यांत एक काल्पनिक घर होतं, त्या घरात एक मृत्यू होता, बारी राखली जात होती आणि अकराव्या दिवशी पाणी मिळत होतं. सगळ्या चाचण्या पास झाल्या, हिरव्या आल्या. या वेळी प्रत्येक ओळ वाचली. चांगलं लिहिलेलं होतं.

पाण्याला आणखी काही उपाय होता का, याची चौकशी मी केली. जवळच्या एका शेतातल्या बोअरचा पंप जळालेला होता. टँकर धुऱ्यांवरून जात नाही. पाऊस आला नाही. वडील रोज सकाळी विचारायचे, "कसं दिसते?" मी जाऊन पाहून यायचो. पहिल्या दोन बांध्यांत लोंब्या वाकल्या होत्या. उरलेल्या तीन बांध्यांत त्या सरळ उभ्या होत्या. भरलेलं धान वाकतं. मी वडिलांना दोन्ही सांगायचो. ते मान हलवायचे.

एक गोष्ट आधी सांगायची राहिली. ॲप आल्यावर आमच्याकडे येणारी सुपं बंद झाली. पहिल्या वर्षी चार आली, दुसऱ्या वर्षी एकच, काकूंच्या घरचं. तेव्हा काका ते घेऊन आले होते आणि वडिलांना म्हणाले होते, "मोबाईल काही भात खात नाई, म्हणून तुमाले."

पाचही बांध्यांचं धान एकत्र मळून झाल्यावर काकू आल्या. हातात सूप होतं, वरून फडकं टाकलेलं. वडील बाजेवर उठून बसले.

"कायले आणलं?" ते म्हणाले. "यंदा नको. घरी ठेवा."

"दरसालचं हाये," काकू म्हणाल्या. "ते असते तं त्यायनं आणलंच असतं." त्यांनी सूप आईच्या हातात दिलं. मला विचारलं, "काम बरं चालू हाये ना, बाबू?"

"हो."

त्या गेल्या. आई अंगणात बसून सूप पाखडू लागली. पहिल्या झटक्यालाच पोचट धान उडून बाहेर पडलं. दुसऱ्याला आणखी. ती थांबली आणि तिने वडिलांकडे पाहिलं. ते बाहेर पाहत होते.

"पाखड," ते म्हणाले.

तिने पाखडून पूर्ण केलं. सुपात ओंजळभराहून थोडं जास्त उरलं. अंगणातलं कोंबड्यांनी उकरून पाहिलं आणि सोडून दिलं. उरलेलं आईने एका वेगळ्या डब्यात भरलं. बाकीचं धान कांडायला गेलं तेव्हा तिने तो डबा पाठवला नाही, आणि कोणी विचारलंही नाही. तो अजून फळीवर आहे.