मासिकात आलेली बांगडीवाली

आज टपालानं मासिक आलं. पाकीट फोडताच गुळगुळीत कागदाचा आणि शाईचा वास नाकात शिरला आणि माझ्या कपाळाला आठी पडली. जुन्नरच्या रोजच्या जगण्याचं कौतुक करणारं हे मासिक: कुणाची भेळ, कुणाचं शिवणयंत्र, बाजारातलं एखादं जुनं झाड. सगळं कसं गोड गोड! इतकं गोड दिसलं की मला वाटतं, कुठंतरी पाणी मुरतंय. तुम्हाला तसं वाटत नसेल तर तुम्ही सुखी.

बांगडीवाली चाची रविवारच्या बाजारात बसते. माझ्या लग्नाचा चुडा तिनंच भरला. समोर बसून हात पुढं केला की ती तो आपल्या मऊ तळव्यात धरते, अंगठ्याखालचं मांस हळूहळू चेपत राहते. आणि हात असा दुसऱ्याच्या स्वाधीन झाला की तोंड आपोआप उघडतं. मढ गावच्या सुना, आणे गावच्या सासवा, साऱ्यांनी आपापलं गाऱ्हाणं तिथंच गायलं. भरून झालं की तिला नमस्कार करायचा आणि हलक्या मनानं एसटी गाठायची. ऐकलेलं तिच्या ओठांबाहेर कधी पडलं नाही.

मग मागं एकदा याच मासिकानं तिच्यावर लेख छापला. फोटो देखणा, भाषा लोण्यासारखी. बायका हिच्यापाशी मन मोकळं करतात, असं लिहून नमुन्याला एक गोष्टही दिली: नवऱ्यानं मुंबईत दुसरा संसार थाटला म्हणून बांगड्या भरताना रडलेल्या एका सुनेची. नाव नव्हतं. पण बाजाराला नाव कशाला लागतं! ती सून पुन्हा बाजारात दिसली नाही.

"अल्लाची शपथ, मी न्हाई सांगितलं गं," चाची मला म्हणाली होती. "ती लिहिणारी बाई दिसभर हितंच बसून ऐकत व्हती."

खरंच असेल. तरी बायका बिचकल्या त्या बिचकल्याच.

परवाच्या रविवारी मी गेले. लेक सासर सोडून आलीय, हे अजून घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. छातीवर धोंडा घेऊनच गेले होते. कुणी मोबाइल धरून बसलंय का, हे आधी पाहिलं. कुणी नव्हतं. चाचीनं हात हातात घेतला, तोच मऊ हात, आणि विचारलं, "घरी कसं काय गं?"

ओठापर्यंत आलं होतं. मला चीड आली त्या लेखाची, आणि त्याहून माझ्या मनातल्या संशयाच्या किड्याची.

"बरंय सगळं," मी म्हणाले.

तिनं मान वर केली नाही. पुढची बांगडी चढवत म्हणाली, "आता समद्यांचं बरंच असतंय."