नर्सबायंची भीती

आमच्या सर्वण गावात कुणाच्याही घरी गेल्या की नर्सबाय आधी गोळ्यांची पिशवी मागत, चहा नंतर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी ही सवय सुटली नव्हती. एकेक पाकीट डोळ्यांजवळ नेऊन विचारत, "ही कोणाची? कोणी दिली?"

रक्तदाबाच्या गोळीला त्या फार भीत. माझ्या वडिलांचे पाय सुजले तेव्हा त्या म्हणाल्या, "गोळयेन पण पाय सुजतत. डॉक्टराक दाखव, आपल्या मनान बंद करू नको." शेजारच्या काकूंचा कोरडा खोकलाही गोळीचाच निघाला. गोळी वाढवल्यावर एक आजोबा उठता उठता घेरी येऊन पडले, तेव्हापासून त्या प्रत्येक म्हाताऱ्याला सावकाश उठायला शिकवत.

मला दुसऱ्या खेपेचा सहावा महिना होता. डोकं दुखायचं. रक्तदाब मोजला तर जास्त. आई म्हणाली, "डॉक्टरकडे जाईपर्यंत माझीच रक्तदाबाची गोळी घे. आजार एकच ना." मी आठ दिवस घेतली.

नर्सबाय मला बघायला आल्या आणि ते पाकीट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"ही तू घेतंस? किती दिस?"

"आठ."

"आवशीक चलता ती पोटातल्या पोराक चलना नाय. ऊठ, डिचोलीक हॉस्पिटलात जावया."

रिक्षात मी विचारलं, "बाळाला काय होईल?"

"माका म्हायत नाय. खोटां सांगूचंय नाय."

त्यांनी रिक्षावाल्याला आणखी जोरात चालवायला सांगितलं. तेव्हा मी खरी घाबरले.

सोनोग्राफीत त्या गोळीने बाळाभोवतीचं पाणी कमी झालेलं दिसलं. डॉक्टरांनी गोळी बदलली, आठवड्याने पुन्हा बोलावलं. ते सात दिवस मी पोटावर हात ठेवून बसून होते. बाळ थोडा वेळ हललं नाही तरी मी कूस बदलून बघायची. आई माझ्या खोलीत यायचीच थांबली. नर्सबाय रोज सकाळी येत, रक्तदाब मोजत आणि जाताना आईपाशी घटकाभर बसत.

आठवड्याने पाणी वाढलेलं दिसलं. बाहेर येऊन सांगितलं, तर नर्सबाय बाकावरच रडू लागल्या.

"तुझ्यासारखीच एक बाई होती," त्या म्हणाल्या. "मी तेवा नवीन होतंय. तिका ती गोळी मीच दिलेली."

त्या बाईचं पुढे काय झालं, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. आता नर्सबायही नाहीत.