पत्ता चुकलेला उठावना

“अपना कौन गया?” गाडीतून उतरण्याआधी पायात चपला सरकवत मंत्रीजी मला हमखास विचारायचे. मी नाव सांगायचो, आणि दार उघडेपर्यंत त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. तो खरंच उतरायचा की ते उतरवायचे, हे अकरा वर्षं त्यांच्याकडे काम करूनही मला कळलं नाही. तुम्हीही असे नेते पाहिले असतील. तुम्हाला कळलं असेल, तर मलाही सांगा.

माझं काम साधं. सकाळी पेपरातल्या उठावन्यांच्या जाहिराती कापायच्या आणि दिवसाची चिठ्ठी करायची. उठावना म्हणजे तिसऱ्या दिवशीची शोकसभा. आमच्या इंदूरच्या राजकारणात एखादं लग्न चुकलं तर चालतं, उठावना चुकवून चालत नाही. परदेशीपुऱ्यातल्या मिल कामगाराचा हा मुलगा महापालिकेत पार्षद झाला, आमदार झाला, मंत्री झाला, तो लोकांकडे असा मांडी घालून बसूनच.

निवडणूक तोंडावर आली होती. एका बड्या शेठजींची आई गेली. तिकीट कोणाला द्यायचं, यात शेठजींचा शब्द चालायचा. त्याच वेळी, त्याच आडनावाचा दुसरा उठावना परदेशीपुऱ्यात होता, आणि मी ड्रायव्हरला नेमका तो पत्ता दिला. मंत्रीजी फायलीत डोकं घालून बसलेले. उतरताना त्यांनी विचारलं, मी म्हणालो, शेठजींच्या मातोश्री. आत गेलो तर हार घातलेल्या फोटोत भरघोस मिशांचे एक आजोबा.

माझी पाचावर धारण बसली. मंत्रीजींनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सतरंजीवर बसले. थोड्या वेळानं बोलायला उठले. म्हणाले, लहानपणी बाबांचा डबा घेऊन मिलच्या फाटकावर जायचो, तेव्हा या काकांनी मला स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली आहे. बोलताना त्यांनी डोळे पुसले. गेलेल्यांची बायको पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. शेठजींकडे पोचलो, तेव्हा तिथले लोक सतरंज्या गुंडाळत होते.

परतताना मी म्हणालो, चूक माझी आहे, मला काढून टाका. त्यांनी पुन्हा फाईल उघडली. शेवटी न राहवून मी विचारलं, “तुम्ही खरंच ओळखत होता त्यांना?”

“क्या पता, भिया. तेव्हा फाटकावर कोणी पण भाकरी देऊन द्यायचं. यांनी पण दिली असेल.”

त्यांचं तिकीट कापलं गेलं. कोणी वयाचं कारण सांगितलं, कोणी गटबाजीचं. मला एकच कारण दिसत होतं, आणि ते माझ्या हातून घडलं होतं. तोंड लपवत त्यांच्या घरी गेलो, तर म्हणाले, उद्याची चिठ्ठी कुठं आहे? निवडणूक झाली, मंत्रिपद गेलं, सरकारी गाडीही गेली. मग माझ्या स्कूटरवर मागे बसून ते उठावन्यांना जात राहिले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात त्यांचाच उठावना झाला. शेठजी पुढे बसले होते. संपल्यावर मागच्या रांगेतून एक म्हातारी माझ्यापाशी आली. मिशीवाल्या आजोबांची बायको. तिनं मला ओळखलं होतं.

“भैया, तुम्ही तर होते ना त्या दिवशी सोबत. आमच्या यांनी भाकरी दिली होती त्यांना. मुलं म्हणतात, नेते लोक असंच बोलतात. तुम्ही सांगा, खरं होतं ना?”

ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

“खरं होतं, काकू,” मी म्हणालो.

खोटं बोललो का, ते मला अजून माहीत नाही. मंत्रीजींच्या उठावन्याच्या दिवशी सकाळी सवयीनं मी त्यांचीच जाहिरात कापून खिशात घातली होती, आणि निघताना पत्ता दोनदा वाचला होता.