शनिश्चरीला सोडलेला सदरा

ह्यांचे डोळे पांढरे झाले आणि हातातली पोह्यांची बशी मांडीवर उलटली. सोमवारची सकाळ होती. मी हाक मारली, तोंडावर पाणी मारलं, मनगट धरून पाहिलं, तर नाडी हाताला लागेना. घरात आम्ही दोघंच. ज्या माणसाशी इतकी वर्षं भांडले तो खुर्चीत कलंडला होता आणि माझ्या डोक्यात एकच होतं, हे मी केलं. तेवढ्यात फोन वाजायला लागला. मी कट केला. तो परत वाजला.

मी केलं असं का वाटलं, ते आधी सांगते. हे रेल्वेतून रिटायर झालेले. वर्षभरात दोनदा चक्कर येऊन पडले, एकदा तर देवास गेटच्या बस स्टँडवर, भर गर्दीत. दर वेळी दवाखान्यात पोचेपर्यंत ठणठणीत. ईसीजीची पट्टी काढली की पट्टी नॉर्मल. शेवटी हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं की काही म्हाताऱ्यांचं हृदय मधेच थोडं थांबतं आणि पुन्हा चालू होतं, म्हणून ते पट्टीत सापडत नाही. असं कोणाला होतं आणि कोणाला पेसमेकर लागतो, याचा त्यांच्याकडे अभ्यास चालू होता. छातीला एक छोटं यंत्र चिकटवायचं, ते सात दिवस ठोके लिहून घेणार. मी चौथीपर्यंतच शिकले, पण सगळा कागद वाचल्याशिवाय ह्यांना सही करू दिली नाही. “प्रयोगाला तुम्हाला म्हातारेच बरे सापडतात,” असंही सुनावलं. तिथली सिस्टर हसली. “माताजी, मशीन सिर्फ सुनती है, करती कुछ नहीं. बस सात दिन उतारना मत और पानी मत लगाना.”

मंगळवारी यंत्र लागलं आणि शनिवारी शनिश्चरी अमावास्या आली. आमच्या उज्जैनला त्या दिवशी शिप्रेवर त्रिवेणीच्या घाटावर स्नान करतात आणि अंगावरचे जुने कपडे, चपला तिथेच सोडून येतात. पनौती तिथेच राहते म्हणतात. मागे वळून बघायचं नाही. ह्यांची साडेसाती चालू. मी ठरवलं, जायचं.

हे म्हणाले, “सिस्टरने काढू नका म्हणून सांगितलंय.”

मी म्हटलं, “सिस्टरला साडेसाती नाहीये.”

घाटावर मीच ते यंत्र सोलून काढलं, पिशवीत गुंडाळलं आणि भिजू नये म्हणून ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं. हे तीन डुबक्या मारून आले, नवे कपडे घातले. जुना सदरा, धोतर, चपला तिथे टाकून आम्ही निघालो. मी स्वतः मागे वळले नाही आणि ह्यांनाही वळू दिलं नाही. दुपारी जेवताना ह्यांनी छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कळलं.

फोन करून कळवायला हवं होतं. मला लाज वाटली. सोमवारी सांगू, म्हटलं. रविवारी देवापुढे बसले तर जपात मन लागेना. इतक्या लोकांच्या कपड्यांच्या ढिगात ते यंत्र कुठलं सापडणार. देवाच्या कामाला गेले आणि देवाने माझं असं का केलं, हा राग मनात होता. चूक माझी, पण राग देवावर. आणि सोमवारी हे कोसळले.

फोन दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला तो शिव्या द्यायलाच. पलीकडे सिस्टर.

“माताजी, बाबूजी कैसे हैं?”

“गिर गये,” मी म्हटलं. “नाडी नाही लागत.”

“नीचे लिटाओ, पैर ऊपर करो. गाड़ी निकल चुकी है, टावर चौक तक आ गई होगी.”

मी ह्यांना ओढून जमिनीवर घेतलं, पाय पाटावर ठेवले. ह्यांनी डोळे उघडले आणि पोहे कोणी सांडले म्हणून विचारलं. मी रडले नाही. दार उघडायला गेले. गाडीत ह्यांचं हृदय पुन्हा थांबलं. पण तिथे छाती दाबणारा माणूस होता आणि यंत्रं होती. ते परत चालू झालं. दुसऱ्या दिवशी पेसमेकर बसला.

मी बोलावण्याआधी गाडी निघाली कशी, हे नंतर कळलं. घाटावरचे कपडे उचलणारी एक बाई आहे. बाकीचे काठीनेच ढीग ओढतात, दुसऱ्याची पनौती कोण हाताळणार. ही मात्र प्रत्येक खिसा बघते. यंत्रावर दवाखान्याचं नाव चिकटवलेलं. रविवारी सुट्टी असताना ती ते दवाखान्यात घेऊन गेली. चौकीदार आत सोडेना, तर हातात पावती पडेपर्यंत पायरीवर बसून राहिली. सोमवारी सकाळी सिस्टरने यंत्र कॉम्प्युटरला जोडून पाहिलं, तर हृदय गुरुवारी एकदा आणि शुक्रवारी दोनदा थांबलेलं, दर वेळी आधीपेक्षा जास्त वेळ. तिने आधी गाडी पाठवली आणि मग फोन केला. गुरुवारी दाढी करताना ह्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मी बडबड करीन म्हणून मला सांगितलं नव्हतं.

सात दिवस पुरे केले असते, तर आम्ही यंत्र मंगळवारी परत दिलं असतं आणि तोवर त्यातलं कोणाला कळलं नसतं. हे पडले सोमवारी. यावर मी वाद घालत नाही. माझी चूक चूकच होती. यंत्र मधेच का काढलं, याला सिस्टरच्या कागदावर जागा होती. मी तिला खरं तेच लिहायला लावलं, बायकोने काढलं, शनीच्या स्नानासाठी. आणखी कोणाची बायको असं करेल, तर त्यांना आधीच माहीत असलेलं बरं.

त्या बाईला शोधत त्रिवेणीला गेले आणि साडी दिली. तिने घडी उलगडून बघितली. “नयी है ना अम्मा? छोड़ी हुई का तो मेरे यहाँ पहाड़ है.” मग म्हणाली, “अब की बार जेब देख के छोड़ना.”

देवाला काय द्यायचं आणि त्याच्याकडून काय घ्यायचं, हे मीच ठरवायची. घाटावर मी पनौती टाकून आले आणि मागे वळले नाही. ती उचलणारीच्या हातून मला माझा माणूस परत मिळाला. आता मी फक्त हात जोडते, काय द्यायचं ते त्याच्यावर सोडते. आणि सिस्टरने सांगितलेलं ऐकते.

हे आत्ता समोर बसून पोहे खातायत, वर शेव कमी पडली म्हणतायत. सदरा गेला, चपला गेल्या. हे जगले.