माउस बाजूला ठेवल्यावर
दुसऱ्याच्या कामात चूक निघावी म्हणून तुम्ही कधी देव पाण्यात घालून बसलात का? मी बसलो होतो, देव मानत नसूनही. परवा रेल्वेचं तिकीट काढताना स्क्रीनवर तारखांचा चौकोन उघडला आणि पुण्यात खराडीतलं ते ऑफिस, एसीचा गारठा, मशीनच्या कॉफीचा करपट वास, सगळं परत आलं. कंपनीच्या प्रत्येक ॲपमध्ये वापरता येतील असे तयार भाग आमची टीम बनवत होती. तारीख निवडायचं कॅलेंडर मीही बनवलं होतं आणि नागपूरहून आलेल्या एका सहकारी मुलीनंही. त्यातलं एकच ठेवणार होते. ज्यांना दिसत नाही, ज्यांचा हात माउसवर ठरत नाही, त्यांनाही ते वापरता आलंच पाहिजे, असं मी पत्रक लिहून टीमला ठणकावलं होतं. चाचणीच्या दिवशी आमच्या टीमच्या लीडनं माउस काढून घेतला. माझं कॅलेंडर कीबोर्डनं उघडलं, पण बंदच होईना. "पत्रक उत्तम होतं हो आपलं," लीड म्हणाले, "तेच जोडू या का ॲपला?" तिचं मात्र सरसर चाललं; स्क्रीन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरनं तिची प्रत्येक तारीख स्वच्छ मराठीत उच्चारली. टाळ्या पडल्या. "काहून रे, तोंड पाडून बसला?" तिनं विचारलं. मी हसलो, पण आतून जळत होतो. समतेची भाषा माझी आणि समता उतरली तिच्या कामात, हे मला सोसवत नव्हतं. आजही पुरतं सोसवत नाही. तुम्ही एवढं करा: आज जे बनवाल, ते ज्याच्यासाठी बनवलंत त्याच्या हातात द्या आणि तोंड मिटून बघत राहा.